दुकान उघडे असतानाच

सामान्यकाळातील बत्तिसावा रविवार
शुभवर्तमान : मत्तय २५:१-१३



आजच्या शुभवर्तमानातील दहा कुमारिकांचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. वराच्या स्वागतासाठी दहाही जणी दिवे घेऊन निघाल्या. वराला उशीर झाला आणि दहाही जणींना झोप लागली. ही गोष्ट नीट लक्षात घेऊ या. शहाण्या पाच जणी जागत बसल्या आणि मूर्ख पाच जणी झोपल्या, असे प्रभू येशू सांगत नाही. झोप सर्वांनाच लागली. दिवेही सर्वांकडे होते. फरक होता तो फक्त कुपीतल्या तेलाचा. पाच जणींनी ते संध्याकाळ होण्यापूर्वीच घेतले होते, पाच जणींनी घेतले नव्हते.

या दाखल्यात एका जागी मात्र आपले मन अडखळते. मध्यरात्री वर आल्याची हाक झाली, तेव्हा मूर्ख मुलींनी शहाण्या मुलींकडे थोडे तेल मागितले आणि शहाण्या मुलींनी नाही म्हटले. दुकानात जा आणि विकत घ्या, असे त्यांना सांगितले. हे वाचन झाले की मिस्सानंतर कोणी ना कोणी आम्हांला विचारतेच, "फादर, पाच भाकरी वाटून खायला शिकवणारा येशू तेल न देणाऱ्या मुलींचे कौतुक कसे करतो?" प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर आम्हांला एखाद्या जाड ग्रंथात सापडले नाही. ते आपल्याच धर्मग्रामात, एका जुन्या गाडीने आणि एका मिस्त्रीने शिकवले. ती हकिगत आज सांगत आहोत. ज्यांची ती गाडी आहे, त्यांच्या परवानगीने आणि त्यांचे नाव न देता सांगत आहोत.

हार, फुगे आणि चार आकडे

जुने गोवे येथे दर दहा वर्षांनी होणारा संत फ्रान्सिस झेवियर यांचा शवप्रदर्शन सोहळा २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाला. आपल्या धर्मग्रामातून तीन गाड्यांनी जायचे ठरले. यवतमाळहून आर्णी, उमरखेड, नांदेड, लातूर, तुळजापूर, सोलापूर, विजापूर, बेळगाव आणि पुढे घाट उतरून गोवा. एका बाजूचे अंतर सुमारे साडेआठशे किलोमीटर. ३ डिसेंबरला संताचा सण. त्या दिवशी सकाळी तिथे मिस्सा मिळालीच पाहिजे, असा आम्हा सर्वांचा आग्रह होता. म्हणून रविवारी, १ डिसेंबरला, मिस्सा संपताच निघायचे आणि रात्रीचाही प्रवास करायचा, असे वेळापत्रक आखले.

दोन गाड्या बऱ्यापैकी नव्या होत्या. तिसरी २००६ सालची, सात आसनांची डिझेल गाडी. तिला पंधरा वर्षे पूर्ण झाली तेव्हा आरटीओमधून तपासणी करून पुढील पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून घेतली होती. विमा होता, पीयूसी होते. कागद सगळे जागेवर होते. त्या गाडीत गाडीमालक, त्यांची पत्नी, दोन मुले, सत्तरी ओलांडलेली आई आणि आपल्या दोन सिस्टर बसणार होत्या.

तयारी आम्ही जोरात केली. चिवडा झाला, धपाटे झाले, पांघरुणे झाली. मागच्या काचेवर लावायला फलक छापला. सर्वांसाठी एकसारखे टी-शर्ट शिवायला टाकले. जुन्या गाडीला नवीन सीट कव्हर बसले, आरशाला नवी जपमाळ लागली, डॅशबोर्डवर संत ख्रिस्तोफर आले. ख्रिस्तराजाच्या सणाला, २४ नोव्हेंबरला, मिस्सानंतर तिन्ही गाड्या चर्चच्या आवारात उभ्या केल्या. हार घातले, मुलांनी फुगे बांधले. आम्ही प्रार्थना म्हटली आणि पवित्र पाणी शिंपडले. टाळ्या झाल्या.

त्याच वेळी आपल्या आवारातील जनरेटर दुरुस्त करायला एक मिस्त्री आलेले होते. ते ख्रिस्ती नाहीत, पण गेली कित्येक वर्षे आपल्या शाळेच्या व चर्चच्या गाड्या त्यांच्याच हातांखालून जातात. टोपी काढून ते मागे उभे राहिले. प्रार्थना संपल्यावर जुन्या गाडीभोवती एक चक्कर मारली आणि पुढच्या चाकापाशी उकिडवे बसले. टायरच्या बाजूवर अंगठा फिरवून त्यांनी आम्हांला जवळ बोलावले.

"फादर, हे आकडे वाचा."

आम्ही वाचले. ४११४.

"म्हंजे २०१४ सालच्या एकेचाळिसाव्या हप्त्यातला टायर हाये हा. दहा वर्स झाले. गाडी फिरते कमी, म्हनून नक्षी तशीच दिसते. पन रबर म्हातारं झालं. आपल्या यवतमाळचं ऊन खाल्लं त्यानं दहा उन्हाळे. हे पाहा."

त्यांनी टायरची कड वाकवून दाखवली. केसासारख्या बारीक भेगा उघडल्या. मग त्यांनी विचारले, "मानसं किती बसनार?" आम्ही सात म्हणून सांगितले. "आन सामान कॅरिअरवर?" आम्ही हो म्हटले. ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पानी शिंपडलं ते बरं केलं फादर. आता चार दिवस गाडी माह्याकडे राहू द्या."

खरे सांगायचे तर त्या क्षणी आम्हांला ते आवडले नाही. आशीर्वाद नुकताच झाला होता, सात दिवसांवर यात्रा होती, आणि हा माणूस खोट काढत होता. आम्ही गाडीमालकाकडे वळून सर्वांसमोर विचारले, "पण ब्रेक वगैरे ठीक आहेत ना?" ते म्हणाले, "हो फादर, ठीक आहेत." विषय तिथेच मिटला, असे आम्हांला वाटले.

संध्याकाळची भेट

त्याच दिवशी दिवे लागणीच्या वेळी ते गृहस्थ आमच्या निवासावर आले. बराच वेळ पिकापाण्याचे बोलत बसले. मग खाली मान घालून म्हणाले, "फादर, सकाळी खोटं बोललो. ब्रेकचं पेडल पहिल्यांदा दाबलं की खाली जाते. दोनदा पंप केलं की मग लागते. चार महिने झाले."

चार महिने ते ती गाडी गावात आणि शेताच्या रस्त्याने चालवत होते. तीसच्या वेगाने, ओळखीच्या रस्त्यावर, पेडल दोनदा दाबण्याची पायाला सवय झाली होती. दुरुस्ती का केली नाही? कापूस घरात पडून होता. भाव थोडा वाढेल, मग विकू, मग गाडीचे पाहू. टायर आणि ब्रेकचे मिळून पंचवीस हजारांच्या वर लागणार होते. आणि सांगितले का नाही? "तुम्ही म्हणाले असते, तुमची गाडी राहू द्या. आईला झेवियरबाबाचे दर्शन घडवायचं होतं फादर. पुढच्या खेपेला ती असते की नाही."

बंधू-भगिनींनो, त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही. एक माणूस खोटे बोलला, हे खरे. पण त्याला खोटे बोलायला कोणी लावले? आमच्या प्रश्नात तो 'ना' होता. "ठीक आहेत ना?" असे चारचौघांत, हार घातलेल्या गाडीसमोर विचारले, की उत्तर एकच येते. आम्ही प्रश्न विचारलाच नव्हता. आम्हांला फक्त होकार हवा होता. आपल्या घरांतही असेच चालते. "अभ्यास झाला ना?" "औषध घेतलं ना?" "सुनबाई, सगळं ठीक आहे ना?" समोरच्याला खरे बोलण्यासाठी जागाच ठेवलेली नसते.

आणि दुसरी गोष्ट. टी-शर्ट आणि फलकासाठी आम्ही वर्गणी काढली होती. टायरसाठी वर्गणी काढावी, हे कोणाला सुचले नव्हते. कारण गाडी ज्याची त्याची, असे आपण धरून चाललो होतो. त्या गाडीत बसणार मात्र आपल्या सिस्टर होत्या, आपली मुले होती.

देवाची परीक्षा

सैतानाने प्रभू येशूला मंदिराच्या शिखरावर नेले आणि खाली उडी टाक, देवदूत तुला झेलतील, असे सांगितले. त्यासाठी त्याने पवित्र शास्त्रातील वचनाचाच आधार घेतला. येशूने उडी टाकली नाही. पित्यावर त्याचा विश्वास कमी होता म्हणून नव्हे. पित्यावर विश्वास ठेवणे वेगळे आणि पित्याची परीक्षा पाहणे वेगळे, हे त्याला ठाऊक होते (मत्तय ४:५-७).

खराब ब्रेकच्या गाडीवर पवित्र पाणी शिंपडून सात माणसे घाटात न्यायची, ही कोणती श्रद्धा? तीही शिखरावरूनच मारलेली उडी झाली असती. आशीर्वाद आपल्याला देवाच्या हाती सोपवतो. आपल्या हातातले काम तो आपल्याकडून काढून घेत नाही. डॅशबोर्डवरच्या संत ख्रिस्तोफरकडे जरा निरखून पाहा. खांद्यावर बाळ येशू आहे, पण हातात भक्कम काठी आहे. खांद्यावर प्रत्यक्ष प्रभू असतानाही नदीची खोली अजमावायची काठी त्याने टाकून दिलेली नाही.

जुन्या करारात तर याहून स्पष्ट आज्ञा आहे. नवे घर बांधशील तेव्हा गच्चीला कठडा बांध, नाहीतर कोणी पडल्यास रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल, अशा अर्थाचा नियम अनुवादाच्या पुस्तकात आहे (अनुवाद २२:८). पडणाऱ्याने सांभाळून चालायला हवे होते, असे तिथे म्हटलेले नाही. घर ज्याचे, कठड्याची काळजी त्याची. आज आपल्या गाडीचे ब्रेक आणि टायर म्हणजे तोच कठडा आहे. कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथ तर बेफाम वेगाने किंवा नशेत गाडी चालवून इतरांचा जीव धोक्यात घालणे हे पाचव्या आज्ञेखालीच सांगतो (परिच्छेद २२९०). खून करू नको, ही आज्ञा केवळ सुरा हातात घेणाऱ्यासाठी नाही.

मिस्त्रींच्या शाळेत

सोमवारी सकाळी आम्ही स्वतः गाडीमालकांसोबत गॅरेजमध्ये गेलो. जे पाहिले, ते थोडे सविस्तर सांगतो, कारण आपल्यापैकी अनेकांच्या दारात दहा-पंधरा वर्षांच्या गाड्या आहेत आणि नाताळच्या सुट्टीत पुष्कळ जण लांब जाणार आहेत.

ब्रेकच्या मास्टर सिलिंडरमधील रबर झिजले होते. मागच्या एका चाकाजवळ तेल पाझरत होते. बाटलीतले ब्रेक ऑइल काढले तर चहासारखे काळपट. मिस्त्री म्हणाले, हे तेल हवेतला ओलावा शोषून घेते. शहरात काही कळत नाही. पण घाट उतरताना सारखा ब्रेक दाबला की चाके तापतात, त्या उष्णतेने तेलातल्या पाण्याची वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, म्हणून पेडल रिकामे खाली जाते. दर दोन वर्षांनी हे तेल बदलले पाहिजे. तोपर्यंत आम्ही इंजिन ऑइल तेवढे बदलत होतो. ब्रेकच्या तेलालाही वय असते, हे आम्हांला माहीत नव्हते.

कुमारिकांच्या तेलाचा दाखला इतकी वर्षे सांगणाऱ्या आम्हांला, तेलाची बाटली भरलेली असूनही तेल निकामी असू शकते, हे गॅरेजमध्ये कळले.

मागच्या आसनांचे पट्टे कुठे गेले, म्हणून शोधले, तर ते नव्या सीट कव्हरखाली दाबले गेले होते. शोभेसाठी आम्ही मुलांचे रक्षण झाकून टाकले होते. स्टेपनीत हवा निम्मी होती. जॅक होता, पण चाकाचा पाना नव्हता. हेडलाइटच्या काचा पिवळ्या पडून प्रकाश अर्धा झाला होता. थंडीच्या दिवसांत कापसाने भरलेल्या बैलगाड्या आणि ट्रॉल्या रात्री आपल्या रस्त्यांवर असतात, त्यांच्या मागे लाल काच असतेच असे नाही. त्या गाडीवानाचा जीव आपल्या हेडलाइटच्या काचेवर अवलंबून असतो.

चार दिवसांनी गाडी तयार झाली, पण मिस्त्रींनी ती लगेच नेऊ दिली नाही. "रिकामी गाडी खोटं बोलते फादर. सात मानसं बसवा, सामान टाका आन आर्नीपर्यंत जाऊन या." आम्ही तसे केले. पहिल्याच लांब चढावर तापमानाचा काटा वर सरकू लागला. परत आल्यावर रेडिएटर काढला. त्याच्या जाळीत कापसाची रुई, गवताचे बी आणि किडे यांचा थर बसलेला होता, आणि एका रबरी नळीच्या टोकाशी थेंब थेंब पाणी गळत होते. ओळखीच्या गावात, भर दुपारी, दुकाने उघडी असताना ते सापडले. एका दिवसात काम झाले.

या सगळ्याला पैसे लागले. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही तिन्ही गाड्यांच्या मंडळींना बोलावले. गाडीमालकांनी आपणहून उभे राहून सर्वांना खरे सांगितले. त्यांचा आवाज कापत होता. कोणीही दोष दिला नाही. शेवटी एका आजीबाईंनी विचारले, "टी-शर्ट परत घेतात का हो दुकानवाले?" शिवायला टाकलेले टी-शर्ट थांबवले, फलक तेवढा राहिला. ते पैसे टायरला गेले. उरलेले थोडे थोडे सर्वांनी दिले. गाडीमालकांनी कापूस विकल्यावर आपला वाटा परत केला. तो कोणी मागितला नव्हता.

आता आपण सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ शकतो. शहाण्या मुलींनी मध्यरात्री तेल दिले नाही. कारण मध्यरात्री ते देता येत नाही. घाटात पेडल खाली गेले की शेजारच्या गाडीतला भाऊ कितीही प्रेमळ असला तरी आपले ब्रेक काढून देऊ शकत नाही. काही गोष्टी त्या वेळी वाटून घेता येत नाहीत. पण संध्याकाळी, दुकान उघडे असताना, त्या दहा जणी एकत्रच निघाल्या होत्या ना? तेव्हा कोणी विचारले असते, "ताई, तुझ्या कुपीत तेल आहे का?" आणि कोणी संकोच सोडून सांगितले असते, "नाही, माझ्याकडे पैसे कमी आहेत", तर दहाही जणी लग्नघरात गेल्या असत्या. दाखल्यात हे लिहिलेले नाही. पण आमच्या यात्रेत ते घडले, आणि तेव्हापासून हा दाखला आम्ही तसा वाचतो. प्रभू आपल्याला जागे राहा म्हणतो. स्वतःच्याच दिव्यापुरते जागे राहा, असे तो म्हणत नाही.

थांबण्याची कृपा

या सर्वांत ३ डिसेंबर हुकला. निघायचा दिवस सोमवार, ९ डिसेंबर असा ठरला. रात्रीचा प्रवास रद्द केला आणि वाटेत दोन मुक्काम धरले. सणाच्या दिवशी आपण यवतमाळातच होतो. काही जण नाराज होते. खरे तर आम्हीही होतो.

त्या सणाच्या मिस्सेत आम्ही संत फ्रान्सिस झेवियर यांच्याच प्रवासाची आठवण केली. ७ एप्रिल १५४१ रोजी ते लिस्बनहून निघाले आणि ६ मे १५४२ रोजी गोव्याला पोहोचले. तेरा महिने. त्यांतले कित्येक महिने ते मोझांबिकच्या किनाऱ्यावर थांबून होते, कारण वारा अनुकूल झाल्याशिवाय जहाज पुढे काढणे शक्य नव्हते. हिंदुस्थानात लाखो लोक वाट पाहत आहेत, असे वाटणारा तो उतावळा मिशनरी. त्यालाही थांबावे लागले. त्या काळात त्याने काय केले? रुग्णालयात आजाऱ्यांची सेवा केली. थांबणे त्याच्या दृष्टीने वाया गेलेला वेळ नव्हता. ज्या संताच्या दर्शनाला आपण निघालो होतो, तो स्वतः वाऱ्यासाठी इतका थांबला. आपण ब्रेकसाठी आठ दिवस थांबलो, तर बिघडले कुठे?

९ तारखेला पहाटे जपमाळेची प्रार्थना करून निघालो. सोलापूरला एक मुक्काम, बेळगावला दुसरा. तिसऱ्या दिवशी सकाळी चोर्ला घाट. जुनी गाडी मध्ये, नव्या दोन पुढे-मागे. चालकांना मिस्त्रींचा शब्द पाठ होता, ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, इंजिनाला गाडी धरू द्या, पाय ब्रेकवर ठेवून बसू नका. वळणावळणांनी गाडी सावकाश उतरत होती. मागे सिस्टर मरियेचे गीत म्हणत होत्या. आजी झोपल्या होत्या. एका वळणावर बाजूला थांबून गाडीमालकांनी चाकाजवळ हात नेऊन उष्णता पाहिली आणि आमच्याकडे पाहून नुसती मान हलवली. दुपारी आम्ही जुने गोवे येथे से कॅथेड्रलच्या रांगेत होतो.

वाटेत काय काय झाले, असे परतल्यावर सर्वांनी विचारले. सांगण्यासारखे काहीच झाले नव्हते. टायर फुटला नाही, इंजिन तापले नाही, कोणाला खरचटले नाही. मुलांना तर अजूनही माहीत नाही की त्या गाडीत काही दोष होता. आपण चमत्कारांच्या साक्षी ऐकतो, आणि त्यात बहुधा अपघातातून वाचल्याचे वर्णन असते. अपघात झालाच नाही, याची साक्ष कोणी देत नाही. तरी ती कृपा लहान नाही. ती मिस्त्रींच्या काळ्या हातांतून, एका आजीच्या प्रश्नातून आणि एका माणसाने संध्याकाळी येऊन सांगितलेल्या खऱ्या शब्दातून आली.

ते संध्याकाळी येऊन बोलले, ते प्रायश्चित्त संस्कारासाठी नव्हते. पण त्या संस्काराचा अर्थ आम्हांला त्या दिवशी पुन्हा उमगला. आपल्या आत्म्याचेही एखादे पेडल कधीपासून खाली जात असते. आपण दोनदा पंप करून वेळ मारून नेतो, आणि सवय झाली की दोष आहे हेच विसरतो. रोजच्या सपाट रस्त्यावर ते चालूनही जाते. पण घाट सर्वांच्या आयुष्यात येतो. आजारपण येते, मोह येतो, भावाभावांत शेताची वाटणी येते. तेव्हा पहिल्याच दाबाला लागणारा ब्रेक हवा असतो. तो आधी, ओळखीच्या गावात, दिवसाउजेडी दुरुस्त करून घ्यावा लागतो.

रस्त्यासाठी दहा आज्ञा

पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या कारकिर्दीत, १९ जून २००७ रोजी, व्हॅटिकनमधील स्थलांतरित व प्रवासी यांच्या सेवेसाठी असलेल्या परिषदेने रस्त्यावरील सेवाकार्यासाठी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिच्यात वाहनचालकांसाठी दहा आज्ञा आहेत. पहिली आज्ञा सिनायवरचीच आहे, हत्या न करण्याची. पुढच्या आज्ञांचा आशय असा, की रस्ता माणसांना जोडण्यासाठी आहे, गाडी ही सत्ता गाजवण्याची वस्तू नव्हे, चालवण्याच्या स्थितीत नसलेल्याला प्रेमाने थांबवा, अपघातग्रस्तांना मदत करा, त्यांच्या कुटुंबाच्या पाठीशी उभे राहा, आणि रस्त्यावर जो अधिक दुबळा आहे त्याला जपा. शेवटची आज्ञा इतरांची जबाबदारी स्वतःवर घेण्याची आहे. आपल्या जिल्ह्यात तो दुबळा म्हणजे पायी चालणारा मजूर, सायकलवरची शाळकरी मुलगी, रात्रीचा कापसाचा गाडीवान. आपण त्याचे नाव जाणत नाही. तोच आपला शेजारी.

या आठवड्यासाठी

नाताळच्या सुट्टीत जे कुटुंब गाडीने लांब जाणार असेल, त्यांनी या आठवड्यात चार गोष्टी कराव्यात, अशी प्रेमाची विनंती आहे. टायरवरचे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवडा सांगतात, शेवटचे दोन वर्ष. ब्रेक ऑइल शेवटचे केव्हा बदलले, ते मिस्त्रीला विचारा. मागच्या आसनांचे पट्टे बाहेर काढा. आणि सर्वांना बसवून, सामान भरून एक छोटी फेरी मारून या.

यापुढे आपल्या आवारात गाड्यांना आशीर्वाद देण्यापूर्वी आम्ही एक प्रश्न विचारणार आहोत, आणि तो एकांतात विचारणार आहोत, "गाडीत काय बिघडले आहे?" त्यात 'ना' असणार नाही. उत्तर देताना कोणीही लाजू नये. पैशांची अडचण असेल, तर तीही सांगावी. चर्चच्या दाराशी असलेल्या गरजूंच्या पेटीत यासाठी टाकलेला रुपयासुद्धा दानच आहे. आणि ज्यांच्याकडे गाडी नाही, त्यांनी आपल्या शेजाऱ्याच्या कुपीची चौकशी करावी. तेल कोणाकडे कमी आहे, हे बहुधा शेजारणीलाच आधी कळते.

प्रार्थना

हे प्रभू, तू स्वतः आमच्या रस्त्यांवरून पायी चाललास. प्रवासाला निघण्यापूर्वी आम्हांला खरे पाहण्याचे डोळे दे आणि खरे सांगण्याचे धैर्य दे. जे लाजेने गप्प आहेत त्यांच्याकडे आम्हांला हलक्या पावलाने पाठव. ज्यांच्या हातांनी आमच्या गाड्या, आमची यंत्रे आणि आमची घरे सुरक्षित राहतात, त्या सर्व कामकऱ्यांना आशीर्वादित कर. रस्त्यावर ज्यांचे प्राण गेले त्यांना तुझ्या घरी विसावा दे, त्यांच्या आप्तांचे सांत्वन कर. आणि तू येशील तेव्हा आमच्यापैकी एकही जण दाराबाहेर राहू नये, म्हणून आम्हांला दिवस आहे तोवर एकमेकांची आठवण करून दे. आमेन.